पप्पा, मागे येऊ नका!

सायकल, ३०० किलोमीटर, २० तास आणि कुणाचीही मदत नाही. नियम सोपे होते. पण नियम लिहिणाऱ्यांना आमचे पप्पा कुठे माहीत होते?

फ्रीलान्सर असण्याचा एक सॉलिड फायदा आहे. सोमवारी सकाळी जिना उतरता येत नसेल तर बॉसला कारण द्यावं लागत नाही. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी वडवणीच्या घरात जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून होते आणि खालून आई ओरडत होती, "एवढं करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

कुणीच नाही. तोच तर फंडा आहे.

ज्यांना वडवणी माहीत नाही (म्हणजे पुण्यातल्या माझ्या जवळजवळ सगळ्या मैत्रिणी) त्यांच्यासाठी: वडवणी हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बीडहून परळीच्या रस्त्याला लागलात की घाटसावळीच्या पुढे येतं. दर दिवाळीला मी एसटीने तिथे जाते, खिडकीला डोकं टेकवून झोपते आणि उतरताना कंडक्टर उठवतो. यंदा म्हटलं, जरा बघू तरी हा रस्ता दिसतो कसा. सायकलवरून.

आता हे वेड आलं कुठून? तीन वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी लांब पल्ल्याच्या सायकलिंगवर स्टोरी केली होती. डेडलाइन शुक्रवारी होती, त्या रविवारी एकाने मला उसनी सायकल दिली आणि मी कामातून गेले. तेव्हापासून आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. एक आयटीवाला, एक डेंटिस्ट, एक बँकेतली, एक नुसताच श्रीमंत आणि मी. सगळ्यांचं स्वप्न एकच, २०२७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला जायचं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १२०० किलोमीटर, ९० तास. दर चार वर्षांनी होते. पहिल्यांदा झाली १८९१ मध्ये, म्हणजे टूर द फ्रान्सपेक्षाही म्हातारी.

तिथे जायचं तर आधी इथे परीक्षा द्याव्या लागतात. बीआरएम म्हणतात त्यांना. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. चारही एका सीझनमध्ये केल्या की तुम्ही सुपर रँडोनर. महाराष्ट्रात आता पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा कितीतरी शहरांतून या राइड्स निघतात. आणि लगेच सांगून टाकते, ही रेस नाही. पहिला कोण, शेवटचा कोण, काही नसतं. वेळेत आलात तर आलात.

मग नियम कशाला? नियम आहेत म्हणूनच तर मजा आहे, राव! ब्रेव्हे कार्ड नावाचा एक पुठ्ठा मिळतो. रस्त्यात ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात, तिथे वेळेत पोचून शिक्का घ्यायचा. आयोजकांचा माणूस नसेल तर जवळच्या एटीएमची स्लिप किंवा हॉटेलचं बिल, ज्यावर वेळ छापून येते. आणि मुख्य नियम: तुमचं तुम्ही बघायचं. मागे गाडी नाही. नवरा, बायको, भाऊ, मित्र यांपैकी कुणाला मदत करायचीच असेल तर ती फक्त कंट्रोलवर. दोन कंट्रोलच्या मधे कुणी तुमच्यासाठी केळं जरी घेऊन थांबलं, तरी कार्ड बाद होऊ शकतं.

केळ्याचं उदाहरण उगाच नाही दिलं. माझ्या एका २०० च्या राइडमध्ये एक काका (चाळिशीचे असतील, पण काकाच) घाट चढताना माझ्या पुढे होते. वळणावर एक पांढरी एसयूव्ही उभी. डिकी उघडी. आत केळी, थंड पाणी, खुर्चीसुद्धा! काका पाच मिनिटं खुर्चीत बसले, मानेवर बर्फ फिरवून घेतला आणि निघाले. मी बाटलीतलं तळाचं कोमट पाणी पीत बघत होते. शेवटी आम्हा दोघांना सारखंच मेडल मिळालं. मी कुणाला काही बोलले नाही. पण आजही ते मेडल ड्रॉवरमध्ये दिसलं की मला बर्फ आठवतो.

म्हणजे बघा, रेस नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. तरी माझा जळफळाट झालाच. का? यावर मी नंतर खूप डोकं खाल्लं, स्वतःचं आणि ग्रुपचंही.

मदत घेणं वाईट असतं असं मुळीच नाही. याच खेळाचा दुसरा प्रकार घ्या. रेस अॅक्रॉस अमेरिका, रॅम. १९८२ मध्ये चार जणांनी सुरू केली. जवळजवळ ४८०० किलोमीटर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम करून ती पुरी केली, नऊ दिवसांच्या आत. मग २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत मारली. 'एकेकट्याने' म्हटलं तरी मागे क्रूची गाडी असते. खाणं हातात देणारे, रात्री मागून उजेड पाडणारे, झोप लागू नये म्हणून बडबड करणारे. रात्री तर गाडी मागे असावीच लागते, नसेल तर तुम्ही नियम मोडता! आपल्याकडची पुणे ते गोवा, डेक्कन क्लिफहँगर, त्याच वळणाची. तिथे क्रू घेऊन जाणं ही चोरी नाही, कारण सगळ्यांनाच क्रू असतो.

आणि मग तिसरं टोक. युरोपातली ट्रान्सकॉन्टिनेंटल. माइक हॉल नावाच्या इंग्लिश सायकलपटूने ती २०१३ मध्ये सुरू केली. हाच माइक हॉल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तशाच रेसमध्ये गाडीच्या धडकेत गेला. त्याच्या रेसमध्ये एक साधा विचार आहे: जे सगळ्यांना मिळू शकतं तेच घ्या. हॉटेलात झोपा, चालेल. मित्राच्या घरी झोपू नका. दुकानातून टायर घ्या, चालेल. मावसभावाने आणून दिलेला टायर नको. दुसऱ्याच्या मागे हवेच्या आडोशाने सायकल चालवायची नाही. इथे मात्र नंबर असतात. २०१९ मध्ये फिओना कोलबिंगर नावाच्या जर्मन मेडिकलच्या पोरीने सगळ्या पुरुषांना मागे टाकून ती जिंकली. दहा दिवस आणि काही तास.

मला हा तिसरा नियम फार आवडला. मग ठरवलं, पुणे-वडवणी ३०० करायची, वीस तासांत. ऑफिशियल नाही, घरची. पण नियम बीआरएमचे आणि वर थोडी ट्रान्सकॉन्टिनेंटलची फोडणी. ग्रुपवर जाहीर केलं. बँकवालीने कार्डसुद्धा बनवून दिलं, शिक्क्यांच्या चौकटींसकट. गूगल मॅप तीनशे पुरे करेना, तेव्हा पुण्यातच आधी वीसेक किलोमीटरचा फेरा टाकला. कंट्रोल तीन: शिरूर, जामखेड, बीड.

नगर नाही. (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) नगरला कंट्रोल नाही कारण नगरला मावशी आहे. तिथे कंट्रोल ठेवला असता तर मी आजही तिच्याकडेच असते, तिसऱ्या पोळीवर. बीडला मात्र कंट्रोल ठेवला, कारण आईचा डबा तिथे पोचणार होता. नियम बनवणाऱ्याने आधी स्वतःची सोय बघायची असते, हे मी काही नव्याने शोधून काढलेलं नाही.

पहाटे चारला निघाले. वाघोली, शिकरापूर, रांजणगाव... या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही पाहिला ते सुखात राहोत. शिरूरला पोहे, चहा, एटीएमची स्लिप. सव्वाबाराला नगर. मावशीचा फोन तिथे सातव्यांदा वाजला.

"कुठंय गं?"

"मावशी, नगरात आहे, पण थांबत नाहीये."

"म्हणजे? दारावरून जायचं आणि आत यायचं नाही? काही बोललं का कुणी तुला?"

मी तिला ट्रान्सकॉन्टिनेंटलचा नियम समजावला. तिने शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "म्हणजे हॉटेलात पैसे देऊन जेवलीस तर चालतं आणि मावशीकडं फुकट जेवलीस तर पाप?"

मावशी, तुम्ही कमिटीवर पाहिजे होतात! कारण प्रश्न बरोबर आहे. हे सगळे नियम अशा देशात लिहिले गेले जिथे माणूस शेजारच्या गावात गेला की परका होतो. आपल्याकडे दर पन्नास किलोमीटरवर एक आत्या नाहीतर मामा भेटतो. आपण पूर्ण सेल्फ-सपोर्टेड व्हायचं तर आधी गोत्र बदलावं लागेल.

नगरच्या बाहेर पंक्चर. माझ्याकडे ट्यूब होती, पंप होता, पण त्याच वेळी समोर पंक्चरचं दुकान होतं आणि ते सगळ्यांसाठी उघडं होतं. टू व्हीलरचे पैसे घेतले त्याने, सायकलचे कमी घेतो असंही म्हणाला नाही. गुड. नियमात बसलं. मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होते आणि मला युजीन क्रिस्तोफ आठवला.

हा या सगळ्या नियमांचा आद्य हुतात्मा. १९१३ ची टूर द फ्रान्स. पिरनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरताना क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. दुसऱ्याची सायकल घ्यायची परवानगी नव्हती. मदत घ्यायची नाही. गडी सायकल खांद्यावर मारून कित्येक किलोमीटर चालत खाली सेंत-मारी-द-काँपाँ नावाच्या गावात आला, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः लोखंड तापवून, स्वतः ठोकून फोर्क जोडला. रेसचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते, लोहाराने हात लावू नये म्हणून! पण दोन हातांनी माणूस लोखंड धरणार, ठोकणार आणि भाता पण कसा मारणार? भाता एका लहान पोराने मारला. झालं. वरून दंड ठोकला, दहा मिनिटांचा. नंतर तो कमी करून तीन मिनिटांवर आणला म्हणतात. तीन तासांच्या वर त्याचे भट्टीवरच गेले होते. रेस तर केव्हाच हातची गेली होती, पण नियम शाबूत राहिला.

ज्यांनी रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेली घिसाडी कुटुंबं बघितली आहेत त्यांना हे लगेच कळेल. तिथे भाता मारणारं पोर घरातलंच असतं. त्याला कुणी 'बाहेरची मदत' म्हणत नाही.

कडा, आष्टी करत साडेपाचला जामखेड. हॉटेलचं बिल घेतलं, कार्डात खोचलं. उन्हं उतरली आणि समोरून ट्रॅक्टर यायला लागले. एकामागे एक, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या होत्या. उचल घेऊन झालेली, आता पुढचे चार-पाच महिने कारखान्याच्या फडात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पाल्याला लागणारे बांबू, शेळी, कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. एका पोराने मला हात केला. मी पण केला. माझ्या सायकलला मागे एक महागडी बॅग होती, त्यात दोन ट्यूब, मल्टिटूल, एनर्जी बार आणि विंडचीटर. तेवढ्यावर मी सकाळपासून स्वतःला 'स्वयंपूर्ण' म्हणवून घेत होते.

सौताड्याच्या पुढे एका टपरीवर थांबले. कपभर चहा आणि दोन बिस्किटपुडे. टपरीवाले आजोबा म्हणाले, कुठची गं पोरी? वडवणीची म्हटलं. "अगं मग आपलीच की!" आणि पैसे घेईनात. आता आली का पंचाईत! अनोळखी माणसाने आपणहून पाजलेला चहा बऱ्याच रेसमध्ये चालतो. पण हा चहा मला अनोळखी म्हणून मिळाला नव्हता, वडवणीची म्हणून मिळाला होता. माझ्या जागी पिंपरीची कुणी असती तर तिने वीस रुपये दिले असते. मी ग्लासखाली नोट ठेवून पळाले. आजोबा मागून ओरडले, त्यात आशीर्वाद नव्हता.

साडेनऊला बीड. दिवसभराचे पाय आता माझे राहिले नव्हते. स्टँडच्या कोपऱ्यावर पप्पा, डोक्याला मफलर, स्प्लेंडरच्या हँडलला डबा.

पप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. पप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले. आमच्या घरात एक गोष्ट शंभरदा सांगितली जाते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून येताना आई पप्पांच्याच गाडीत बसली, सोबत मामा. पप्पांनी मामाचं तिकीट फाडलं. सख्ख्या मेहुण्याचं! टिकटिक टिकटिक करत पंच मारला आणि सुट्टे मागितले. मामा आजही दरवर्षी भाऊबीजेला ते बोलून दाखवतो. तर असा हा माणूस.

डबा कंट्रोलवर होता म्हणून कायदेशीर होता. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. स्टँडच्या बाकावर बसून मी जेवले तसं मी आयुष्यात कधी जेवले नाहीये. मग पप्पा म्हणाले, "चल. तू हो पुढं. मी येतो मागं."

"नाही पप्पा. मागे यायचं नाही."

"काहून?"

"नियम आहे."

"कोण बघायलंय इथं?"

"मी."

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी कुठं तुझ्या मागं यायलोय? मी माझ्या घरी जायलोय. रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?" आणि काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसले. शेवटी ठरलं: ते आधी जातील, घरी पोचतील, मी बाराच्या आत येईन. गेले. मी एटीएमची स्लिप काढली, पावणेदहा. पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि सव्वादोन तास.

बीडच्या बाहेर पडलं की अंधार असतो. पुण्यात अंधार नसतो, हे पुण्यात राहून कळत नाही. माझ्या दिव्याचा गोल आणि त्यात पळणारा पांढरा पट्टा. मधूनच उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, एकदम समोर डोंगर उभा राहतो. एका ठिकाणी मी अक्षरशः उसाच्या वाढ्यांत घुसता घुसता राहिले.

घाटसावळीच्या अलीकडे मागून मोटरसायकल आली. पुढे गेली नाही. शेजारी चालायला लागली. दोघं होते.

"ओ मॅडम, कुठं?"

मी बघितलं नाही.

"एकट्याच का? सोडू का?"

तुम्हाला सांगते, दोनशे पंच्याहत्तर किलोमीटर झाले होते आणि मांड्या दगड झाल्या होत्या, पण त्या क्षणी मी तीसच्या स्पीडने सायकल हाणली. ते हसले. स्पीड वाढवून पुन्हा शेजारी. कदाचित नुसतेच टवाळ असतील. कदाचित खरंच मदत करत असतील. असं 'कदाचित' मोजत बसायला बाईला वेळ नसतो. फोन हँडलच्या बॅगेत होता आणि तो काढायला एक हात सोडावा लागला असता.

तेवढ्यात मागून, बऱ्याच मागून, एक हेडलाइट जवळ यायला लागला. हॉर्न वाजला. लांब, दोनदा. एसटी वळणावर वाजवते तसा. त्या दोघांनी मागे बघितलं आणि सुटले.

हेडलाइट जवळ आला नाही. मी वळून बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती. तो शे-दीडशे फुटांवर राहिला, वडवणीपर्यंत. माझ्या सावलीचे पाय रस्त्यावर लांबच लांब फिरत होते. मला खड्डे दिसत होते, ट्रॉल्या दिसत होत्या. मी रडत होते का? हो, थोडी. रागाने की कशाने, ते विचारू नका.

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी गावात होते. एकोणीस तास एक्केचाळीस मिनिटं.

घरी आल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलावं? "पप्पा, तुम्ही माझी राइड घालवलीत." आई हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. पप्पांनी स्प्लेंडर स्टँडला लावली, मफलर सोडला आणि जेवायला बसले.

रात्री ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. सकाळपर्यंत १४२ मेसेज. आयटीवाला म्हणाला, बाद, सरळ बाद, कंट्रोलच्या मधे फॉलो व्हेइकल. डेंटिस्ट म्हणाला, तू मागितली नव्हतीस, म्हणून चालेल. श्रीमंताने अंगठा दाखवला, तो कशाला होता ते अजून कळलं नाही. बँकवालीने मला वेगळा मेसेज केला. "मी तीनशे कधी का करत नाही माहितीये? रात्र येते म्हणून." ती सायकल माझ्यापेक्षा चांगली चालवते.

यावर मी दोन दिवस जिन्याच्या पायरीवर बसून विचार केला, दुसरं काही करता येतच नव्हतं. 'जे सगळ्यांना मिळतं तेच घ्या' हा नियम मला इतका आवडला होता. पण मिळतं का सगळ्यांना? आयटीवाला पेट्रोल पंपावर वर्तमानपत्र अंथरून वीस मिनिटं झोपतो आणि ताजा होऊन निघतो. मी झोपू शकते? ढाब्याच्या मागे अंधारात जाऊन तो मोकळा होतो. मी पूर्ण दिवस पाणी मोजून पिते आणि शेवटी डोकं दुखतं. रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच, वीस तास तेच. फक्त रात्र तीच नाही.

मंगळवारी पप्पा जिन्यात माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले.

"धरलं का तुझं ते?"

"नाही. बाद."

"कोणी केलं बाद?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एसटीत आता बायांना अर्धं तिकीट हाय. मार्च तेवीसपासून. बाई अर्धे पैसे देऊन बीडला गेली तर ती बीडला गेलीच नाही असं म्हणतो का आपण?"

मी चाट पडले. हा माणूस दोन दिवस यावर विचार करत होता तर! पण मी पण त्यांचीच मुलगी.

"पप्पा, ते अर्धं तिकीट सगळ्या बायांना आहे. गाडीवर लिहिलंय. कंडक्टरच्या बायकोला वेगळं नाही. मला परवा जे मिळालं ते तुम्ही माझे पप्पा म्हणून मिळालं. माझ्याबरोबर दुसरी एखादी पोरगी असती, जिच्या घरी स्प्लेंडर नाही किंवा पप्पाच नाहीत, तिच्या मागे कोण आलं असतं?"

पप्पा काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकले. पण जिंकल्यासारखं वाटेना. कारण ते दोघं आणि तो हॉर्न मला अजून ऐकू येत होता, आणि पुन्हा तीच रात्र आली तर मला तो हॉर्न हवाच होता. सगळ्यांना मिळो न मिळो. असं बोलायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

त्या दिवशी संध्याकाळी बँकवालीला फोन केला. जानेवारीत आम्ही दोघी मिळून करतोय, हाच रस्ता, हेच कंट्रोल. बीआरएममध्ये बरोबर चालवायला परवानगी असते. ट्रान्सकॉन्टिनेंटलची फोडणी यावेळी नाही. त्यांच्याकडेसुद्धा जोडीचा वेगळा विभाग असतो म्हणा. आधीचं कार्ड मी फाडलं नाही, त्यावर 'बाद' लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं, त्या मेडलच्या शेजारी.

पुण्याला परत येताना एसटीनेच आले, अर्ध्या तिकिटात, सायकल टपावर. पप्पा स्टँडवर सोडायला आले होते. गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी आले.

"एक विचारतो. त्या घाटसावळीपाशी रात्रीचं एखादं चहाचं हॉटेल असलं, लाइट-बिट लावलेलं, तर तुमच्या नियमात बसतं का?"

"बसतं की. सगळ्यांसाठी उघडं असलं तर."

"बायांसाठी संडास-बिंडास?"

"सगळ्यांसाठी असेल तर, हो."

"आन पैसे घ्यावे लागतात?"

"घ्यावे लागतात. माझ्याकडून पण."

"घेईन की," पप्पा म्हणाले. "मामाचे घेतलेत, तुझे काय?"

आणि त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून जानेवारीतला शनिवार कोणता ते विचारलं.